पांघरूण

दक्षिण भारतातील बाजारपेठांत ज्याला ‘बटरफ्रूट’ म्हणतात, त्या फळाच्या नावांचा प्रवास मोठा मनोरंजक आहे. मेक्सिकोतील नाहुआत्ल भाषेतला ‘आवाकात्ल’ हा त्याचा मूळ शब्द. स्पॅनिश लोकांनी त्याचा ‘आग्वाकाते’ केला; पुढे उच्चारसादृश्यामुळे त्या शब्दात वकील या अर्थाचा एक जुना स्पॅनिश शब्द मिसळला आणि त्या सरमिसळीतून ‘अव्होकाडो’ जन्मास आला. फ्रेंच भाषेत तर आजही वकील आणि हे फळ यांना एकच शब्द आहे. भारतीय भाषांनी मात्र ध्वनी बाजूला ठेवून गुण उचलला. तमिळमध्ये ते ‘वेण्णेय पळम’ झाले, कन्नडमध्ये ‘बेण्णे हण्णु’, हिंदीत ‘मक्खनफल’. तिन्ही ठिकाणी लोण्याचीच आठवण. मराठीत अद्याप असे नाव रूढ झालेले नाही. वाईहून निघून, नवऱ्याच्या लष्करी नोकरीमागे गावोगाव फिरत, शेवटी उटीला स्थिरावलेल्या एका बाईंनी आपल्या घरापुरती ही उणीव भरून काढली होती. त्यांच्या बागेत ते ‘लोणीफळ’ होते.

नाव परके असले, तरी या झाडाचे कूळ परके नाही. तमालपत्र, दालचिनी आणि कापूर यांच्या कुळातले हे झाड. महाबळेश्वरच्या रानातला पिसा आणि सह्याद्रीतला गुळंब हे त्याचे आप्त. गुळंब तर इतका जवळचा की, वनस्पतिशास्त्रज्ञांनी दीर्घकाळ त्याची गणना अव्होकाडोच्याच प्रजातीत केली. बाईंनी बरीच वर्षे शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवले होते आणि ही सोयरीक त्या जाणून होत्या. निलगिरीच्या माथ्यावरील शोला वनांतही याच कुळातील वृक्ष विपुल आहेत. तेव्हा मेक्सिकोतला हा पाहुणा येथे अगदीच निराप्त ठरणार नाही, असा त्यांचा होरा होता. तो अखेर खरा ठरला. परंतु त्यांनी कल्पिला होता त्या रीतीने नव्हे.

विसाव्या शतकाच्या आरंभी श्रीलंकेतून भारतात आलेले हे झाड निलगिरीच्या मध्यम उंचीवर सुखाने नांदते. कुन्नूरच्या घाटात, बर्लियार आणि कल्लार येथील सरकारी फळबागांच्या परिसरात, कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी म्हणूनही ते आढळते. कुन्नूर समुद्रसपाटीपासून सुमारे १,८५० मीटर उंच आहे. उटी सुमारे २,२४० मीटर. मधले अंतर वीस किलोमीटरहून कमी, उंचीतला फरक चारशे मीटरांचा. पण झाडाच्या दृष्टीने हे दोन निराळे देश होत. नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत निरभ्र रात्रींनंतर उटीच्या सखल भागात दहिवर गोठते. शासकीय वनस्पती उद्यानाची हिरवळ काही सकाळी पांढरीशुभ्र दिसते आणि प्रवासी ते दृश्य पाहण्यासाठी पहाटे उठतात. बाईंना हे दृश्य नवे नव्हते. लहानपणी महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी गवतावर गोठलेले दंव त्यांनी वेचले होते. बागाईत करू लागल्यावर मात्र त्या सौंदर्याची दुसरी बाजू त्यांना दिसू लागली.

२००८ च्या पावसाळ्यात त्यांनी चार रोपे लावली. कुन्नूरच्या बाजारातून आणलेल्या फळांच्या कोयी टोकाची बाजू वर ठेवून, अर्ध्या मातीत पुरून त्यांनी रुजवल्या होत्या. बागेचा उतार जेथे संपतो तेथे ओढ्यालगत एक सपाट तुकडा होता; माती खोल, काळी, भुसभुशीत. उत्तम जमीन उत्तम रोपांना, हा हिशेब सरळ होता. जानेवारीत एका पहाटे चारही रोपांची पाने उकळत्या पाण्यात बुडवून काढल्यासारखी लुळी पडली. दुपारपर्यंत ती काळवंडली आणि महिनाभरात खोडेही सुकली. आश्चर्य हे की, वरच्या अंगाला, घराच्या भिंतीशी कुंडीत राहिलेले पाचवे, सर्वांत किडकिडीत रोप मात्र केवळ शेंड्याशी करपून बचावले होते.

शेजारी एक वृद्ध बडगा शेतकरी राहत. त्यांचे बटाट्याचे आणि गाजराचे वाफे बाईंच्या कुंपणाला लागून होते. बाई त्यांना अण्णा म्हणत. ते बाईंना अम्मा. दोघांची भाषा तमिळ आणि मोडक्यातोडक्या हिंदीची मिळून झालेली. काळवंडलेली रोपे पाहून अण्णांनी हळहळ व्यक्त केली नाही. ओढ्याकाठच्या त्या तुकड्याकडे हात करून ते एवढेच म्हणाले, “अम्मा, ती जागा थंडीची आहे. आमच्या हट्ट्या पाहा. वाडवडिलांनी घरे उतारावर बांधली, खाली कधी बांधली नाहीत.”

या वाक्यात जे भौतिकशास्त्र होते, ते बाईंनी शिकलेल्या पुस्तकांतही होतेच. दिवसभर सूर्याने तापलेली जमीन रात्री आपली ऊब आकाशाकडे सोडत असते. ढग असले तर त्यातली काही परत मिळते. वारा असला तर वरची उबदार हवा खाली मिसळते. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की, जमिनीलगतची हवा गार होत जाते, जड होते आणि पाण्याप्रमाणे उतारावरून ओघळत सखल जागी साचते. तेथे थंडीचे तळेच भरते म्हणा ना. अशा रात्री पाच-सात मीटर उंचीवरची हवा जमिनीलगतच्या हवेपेक्षा अधिक उबदार असते. थंडी वरून पडते ही आपल्या भाषेने करून दिलेली समजूत आहे. प्रत्यक्षात ऊबच वर निघून जाते. बागेतील सर्वांत सुपीक तुकडा हाच सर्वांत घातक का ठरला, याचे उत्तर बाईंना येथे मिळाले.

पुढचे उत्तर रानाने दिले. निलगिरीच्या माथ्यावर दाट शोला वने आणि मोकळी कुरणे शेजारीशेजारी नांदतात. त्यांच्यातील सीमारेषा जणू कुणी आखून दिल्यासारखी स्पष्ट असते. वने कुरणांत का पसरत नाहीत, या कोड्याची वणवा, माती, चराई अशी अनेक उत्तरे दिली गेली आहेत. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेतील वनस्पतिशास्त्रज्ञ मेहेर-होमजी यांनी त्यात गोठणाऱ्या दहिवराचे कारण पुढे मांडले. उघड्या कुरणात रुजलेले शोला वृक्षाचे कोवळे रोप हिवाळ्यातील रात्रीत मरते; तेच रोप मोठ्या झाडांच्या छत्राखाली रुजले तर जगते, कारण तेथे वरची पाने जमिनीची ऊब अडवून धरतात. म्हणजे या डोंगराचे जे पिढीजात रहिवासी, तेही उघड्यावर बालपण काढू शकत नाहीत. वडीलधाऱ्यांच्या छायेत काही वर्षे काढल्यावरच त्यांना आकाश सोसते. अव्होकाडोच्या या शोलावासी आप्तांकडून बाईंनी घेतला तो धडा हा.

तथापि छायेने सर्व काही साधत नाही; वंशही पाहावा लागतो. अव्होकाडोचे स्थूलमानाने तीन वंश मानतात. वेस्ट इंडीजचा वंश उष्ण सखल प्रदेशातला. शून्य अंशाच्या आसपासच त्याची त्रेधा उडते. ग्वाटेमालाचा वंश डोंगराळ भागातला. तो शून्याखाली दोन-तीन अंश कसाबसा सोसतो. मेक्सिकोच्या उंच पठारावरील वंश सर्वांत काटक. वाढलेले झाड उणे सहा अंशांच्या आसपासही तग धरते. फुएर्ते या जातीची कथा या संदर्भात सांगण्याजोगी आहे. १९११ साली कार्ल श्मिट नावाचा तरुण कॅलिफोर्नियातील एका रोपवाटिकेतर्फे मेक्सिकोत गेला आणि पुएब्ला प्रांतातील अत्लिस्को गावच्या एका झाडाचे डोळे त्याने कलमांसाठी पाठवले. जानेवारी १९१३ मध्ये कॅलिफोर्नियात विलक्षण थंडी पडून बागाच्या बागा करपल्या. या झाडाची कलमे मात्र तगली. म्हणून तिला नाव मिळाले फुएर्ते, म्हणजे बळकट. मेक्सिको आणि ग्वाटेमाला या दोन्ही वंशांचे रक्त तिच्यात आहे. तिला कुणी थंडी शिकवली नव्हती. एखादे झाड हळूहळू थंडीला सरावेल, ही आशा माळ्याने फार बाळगू नये. झाड सरावते ते थोडेच, बाकी सारे ते जन्मतःच घेऊन आलेले असते.

हे जन्मजात ओळखायचे कसे? मेक्सिकन वंशाची पाने चुरगाळली की बडीशेपेसारखा वास येतो. त्या देशातील स्वयंपाकघरांत ही पाने आपल्या तमालपत्राप्रमाणे रश्श्यात आणि उसळीत टाकतात. २००९ साली बाईंनी निरनिराळ्या ठिकाणांहून फळे मिळवून बारा कोयी रुजवल्या आणि रोपे वीतभर झाल्यावर प्रत्येकाचे एकेक पान बोटांत चुरगाळून हुंगले. दहा पानांना केवळ हिरवा वास होता. दोहोंना बडीशेपेचा. ही दोन रोपे लहान, काळसर आणि पातळ सालीच्या फळांच्या कोयींची होती. घाटातील बागांत तिन्ही वंशांची सरमिसळ असल्याने रोपाच्या अंगी काय उतरले असेल, हे फळाच्या रूपावरून निश्चित सांगता येत नाही. नाकाची साक्ष त्यामानाने अधिक भरवशाची.

ती दोन रोपे २०१० च्या जूनमध्ये वरच्या पायरीवर, घराच्या पश्चिमेकडील दगडी भिंतीशी लागली. दुपारचे ऊन पिऊन भिंत रात्री सावकाश ऊब सोडी आणि पहाटेचे ऊन गारठलेल्या पानांवर एकाएकी पडत नसे. आळे खोदण्याऐवजी तेथे मातीचा हातभर उंच ओटा केला होता, कारण या झाडाला थंडीइतकेच, किंबहुना थंडीहूनही अधिक, भय साचलेल्या पाण्याचे असते. त्याची अन्न शोषणारी मुळे जमिनीच्या वरच्या थरात, पाचोळ्याखाली पसरलेली असतात. ती ओलीत गुदमरली की बुरशी त्यांना कुजवते. निलगिरीवर नैर्ऋत्य आणि ईशान्य असे दोन्ही मोसमी वारे पाऊस आणतात. तेव्हा हे भय वर्षातून दोनदा येते.

मग सुरू झाला तो पांघरुणाचा नित्यनेम. रोपाभोवती चार काठ्या रोवलेल्या. संध्याकाळी आकाश निवळलेले आणि वारा पडलेला दिसला की, त्यांवर गोणपाट टाकायचे, असे की पानांना स्पर्श होऊ नये आणि कडा जमिनीला टेकाव्यात. त्यापूर्वी माती ओली करायची, कारण ओली माती दिवसाची ऊब अधिक साठवते. सकाळी ऊन वर आले की गोणपाट काढायचे. एखाद्या रात्री शेंडे करपले तर कात्री लावायची नाही. मेलेले काय आणि जिवंत काय, हे वसंतातील नवी पालवीच सांगते. पाने गळून उघड्या पडलेल्या खोडाला मात्र चुन्याची सफेदी द्यायची, नाही तर थंडीतून वाचलेली साल उन्हाने भाजते. कामे क्षुल्लक होती; पण ती रोज असत आणि दुसऱ्या कुणावर सोपवता येत नसत, निदान बाईंना तसे वाटे. कोणती रात्र निरभ्र राहील याचा अंदाज दुपारी तीनला बांधावा लागे, आणि अंदाज चुकल्याचे फळ रोपाला भोगावे लागे.

जानेवारी २०१३ मध्ये पुण्याला मुलाच्या घरी पहिली नात जन्मली. बारशाला बाई गेल्या नाहीत. तो आठवडा त्या हिवाळ्यातला सर्वांत कडक होता आणि रोपे जेमतेम कमरेइतकी होती. मुलाने फोनवर विचारले, “आई, झाड मोठे की नात?” उत्तर अवघड नव्हते, नातच मोठी होती, हे बाईंना ठाऊक होते. परंतु यजमान गेल्यापासून या घरात त्यांच्या हातून जगेल वा मरेल असे त्या दोन रोपांखेरीज काही उरले नव्हते, ही गोष्ट फोनवर सांगण्याजोगी नव्हती. त्या गप्प राहिल्या. मुलाने पुन्हा विचारले नाही. पण पुढे कित्येक वर्षे हिवाळ्यात त्याचे फोन थोडक्यात आटोपत.

दोनांपैकी एक रोप २०१४ च्या पावसाळ्यात मुळे कुजून गेले. उरलेल्या एकाविषयी जाणत्यांनी बाईंना वारंवार समजावले की, कोयीचे झाड फळायला आठ-दहा वर्षे, कधी त्याहूनही अधिक घेते; कलम तीन-चार वर्षांत फळते. कोयीचे झाड आईसारखे फळ देईल याचीही शाश्वती नाही. पलनी टेकड्यांतील तडियनकुडिसै येथील संशोधन केंद्राने काढलेल्या जातीचे कलम आणावे, असेही कुणी सुचवले. सल्ला बिनचूक होता. ज्याला फळ हवे त्याने कलमच लावावे. बाईंचे वय तेव्हा सत्तरीकडे झुकलेले. वर्षांचा हिशेब त्यांनाही कळत होता. तरीही त्यांनी वाट पाहिली. आज जगभर विकल्या जाणाऱ्या हास जातीचा उगम अशाच एका कोयीत आहे, ही हकीकत त्यांनी वाचली होती. कॅलिफोर्नियातील रुडॉल्फ हास या टपालवाल्याने १९२६ साली रुजवलेल्या रोपावर फुएर्तेचे कलम काही केल्या जडेना. ते तसेच वाढू दिले आणि त्याचे फळ घरच्या मुलांना आवडले, म्हणून झाड राहिले. १९३५ साली त्याचे पेटंट झाले. जगातील प्रत्येक हास झाड त्या एका झाडाची कलम-संतती होय. मूळ झाड २००२ साली मूळकुजीने वठले. अर्थात अशी कोय लाखांत एखादी असते आणि बाईंना नवी जात काढायची हौस नव्हती. थंडीत टिकून राहिलेल्या त्या झाडावर आता दुसऱ्या कुणाचा डोळा बसवावा, हे त्यांच्या मनाला येईना, इतकेच.

२०१९ च्या मार्चमध्ये पहिला मोहोर आला. अव्होकाडोच्या फुलाची रीत विलक्षण आहे. प्रत्येक फूल दोनदा उमलते. पहिल्यांदा स्त्री म्हणून, मिटून पुन्हा उमलते ते पुरुष म्हणून. काही झाडांची फुले सकाळी स्त्रीरूपात असतात, काहींची दुपारी. म्हणून दोन प्रकारची झाडे शेजारी असली तर फळधारणा चांगली होते. एकुलत्या झाडाला ही सोय नाही. थंड हवेत मात्र हे वेळापत्रक विस्कटते. काही फुलांची स्त्री-अवस्था लांबते, काहींची तर हुकतेच, आणि एकाच झाडावर दोन्ही रूपे एकाच वेळी उघडी सापडतात. फार थंडी पडली की मधमाश्याही बाहेर पडत नाहीत. ज्या गारठ्याने पुष्कळ फुले वाया जातात, त्याच्याच गोंधळात एकट्या झाडाला थोडी संधी मिळते. अनुकूल हवामानातही हजारो फुलांमागे एखादेच फळ टिकते. बाईंच्या झाडावर त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी काहीच टिकले नाही. २०२१ मध्ये तीन फळे राहिली. २०२३ मध्ये एकोणीस.

त्या वेळेपर्यंत झाड घराच्या पागोळीपर्यंत पोहोचले होते. गोणपाटाची गरज चार वर्षांपूर्वीच संपली होती, कारण शेंडा थंडीच्या तळ्याच्या वर गेला होता आणि खोड मांडीएवढे जाड झाले होते. तरी सवयीने बाई निरभ्र रात्री बाहेर येऊन त्याच्याखाली उभ्या राहत. एका पहाटे त्यांच्या ध्यानात आले की, अंगणातले गवत पांढरे झाले असताना झाडाच्या पसाऱ्याखालचे वर्तुळ तेवढे हिरवे होते. त्या वर्तुळात, कधी तरी टाकलेल्या कोयीतून आपोआप रुजलेले एक रोप उभे होते. बाईंनी त्याचे पान चुरगाळून पाहिले. बडीशेपेचा वास नव्हता.

जानेवारी २०२४ मध्ये, सोळा वर्षांत प्रथमच, त्या ऐन हिवाळ्यात पुण्याला गेल्या. जाण्यापूर्वी त्यांनी अकरा फळे देठासह खुडली. अव्होकाडो झाडावर पिकत नाही. खुडल्यावरच ते आठवडाभरात मऊ पडते, आणि थंड प्रदेशात खुडण्याजोगे झालेले फळही काही काळ फांदीवर थांबून राहते. उरलेली आठ म्हणूनच त्यांनी झाडावर ठेवली होती. अण्णांना किल्ली दिली. गोणपाट कोठे आहे ते दाखवले. अण्णांनी मान डोलावली, पण त्याला हात लावण्याची वेळ येईल असे त्यांनाही वाटले नसावे.

पुण्यात आंब्याची अढी घालावी तशी ती दगडासारखी टणक फळे तांदळाच्या डब्यात ठेवली गेली. अकरा वर्षांची नात रोज शाळेतून येऊन झाकण उघडी आणि एकेक फळ बोटाने दाबून पाही. पाचव्या दिवशी पहिले मऊ लागले. आतला गर पिवळसर हिरवा होता, किंचित तंतुमय. बाजारातल्या फळाइतका गुळगुळीत नव्हता. मुलाने चमच्याने काढून मीठ-लिंबू लावून खाल्ले आणि दुसरे केव्हा पिकेल असे विचारले. त्याच रात्री अण्णांचा फोन आला. ओढ्याकाठी सगळे पांढरे झाले होते, त्यांचे बटाटे जळाले होते. अम्मांच्या झाडाखालचे लहान रोप, ते म्हणाले, उघडेच होते आणि हिरवे होते.